दोन गाठींचा दिवा

दोन हजार पंचवीस साल, अन् तुझं वय एकोणसत्तर. माझं त्र्याहत्तर. म्हणजे नंबर माझा होता, लिंबाजी. तू मधीच घुसलास. लहानपणी मेंढरं पाण्यावर घालतानाही तू असंच करायचास. माझ्या आधी तुझी मेंढरं पुढं काढायचास, अन् मी वरडलो की पाठ करून उभा राहायचास. तुला वरडलेलं ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. पण पाठ केली की माझे हातही दिसत नाहीत, हे तुला माहीत होतं.

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. लोकं जेवली, हात धुतले, अन् जाताना एकेकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच बोलत होता, "सुटलं बिचारं." कशातून सुटलास तू? तुला काय बेडी होती का? उभ्या जिंतुरात बॅटरी अन् वायरिंगमध्ये तुझ्या तोडीचा माणूस नव्हता. बंद पडलेल्या जीपच्या बॉनेटवर तळहात टेकवून कुठं काय बिघडलंय ते सांगणारा तू, अन् ज्यांच्या गाड्या तू चालू करून दिल्यास तेच तुला बिचारं म्हणायला लागले. मी एकालाही जाब विचारला नाही. तुझी वहिनी माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी होती म्हणून.

अन् तो फ्लेक्स. आपल्या अंकुशनं चौकात लावायला फ्लेक्स करून आणला. वर तुझा फोटो, खाली मोठ्या अक्षरात "आमचे लाडके मुके काका." मी म्हणलो, "नाव कुठाय?" तर तो म्हणतो, "दादा, लोकं ह्याच नावानं वळखतेत." माझ्या पोटच्या पोरानं तुझं नाव खोडलं अन् त्याला ते कळलंही नाही. मी तो फ्लेक्स गुंडाळून गोठ्याच्या पत्र्यावर टाकला. दुसरा येईपर्यंत तेरावं उरकलं. आता चौकात तुझा फ्लेक्स नाही, त्यावरून अंकुश माझ्यावर रुसून बसलाय. बसू दे.

मी तिसरीपर्यंत शिकलो. तुला शाळेनं घेतलंच नाही. तुला लिहिलेलं वाचता येत नव्हतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं. मग हे वहीत कुणासाठी लिहायलोय, असं तुझी वहिनी काल विचारत होती. तुला सांगतो. हात हलले की बोलल्यासारखं वाटतं. सतरा दिवस झाले, माझ्या हातांना उत्तर देणारं कुणी नाही.

कारण आपली भाषा दोघांचीच होती. तुला बारीकपणी ताप आला अन् कान गेले. येलदरीच्या वरच्या अंगाला माळावर बापाची मेंढरं, तू एका टेकाडावर अन् मी दुसऱ्या. हाका मारून उपयोग नाही, मग आपण हातानं बोलायला लागलो. लांडगा दिसला तर दोन्ही हात डोक्यावर. मेंढरू चुकलं तर एका हातानं दुसऱ्या हाताचं बोट लपवायचं. आई म्हणजे कानाची पाळी ओढायची, कारण ती आपली पाळी ओढायची. पुढं तुझी वहिनी आली, ती म्हणजे मनगटावरून बोट फिरवायचं, बांगड्या. अन् माझं नाव तू ठेवलंस. हनुवटी वर करायची अन् मान ताठ. गुमानी. त्र्याहत्तर वर्षांचा झालो तरी तू मला त्याच नावानं हाक मारायचास, चारचौघात, अन् लोकांना वाटायचं तुझी मान अवघडलीय.

अर्ध्या कोसावरून आपण बोलायचो, लिंबाजी. टेकाडावरून टेकाडाला. अन् म्हातारपणी त्या छोट्या गाडीत, खांद्याला खांदा लावून बसलेलो असताना, दिवस बुडला की आपली बोलती बंद. हातभर अंतर, अन् तेवढं आपल्याला पार करता येईना. सगळं भांडण त्याच्यावरून आहे. ते अर्ध्यात ठेवून तू गेलास, ह्याचा मला राग आहे. लोकांचा नंतर. आधी तुझा.

गाडीचं तुला सांगायला नको, पण वही दुसऱ्या कुणाच्या हाती पडली तर त्याला कळावं म्हणून लिहितो. मी जिंतुरात एका डॉक्टरसाहेबांची गाडी तीस वर्षं चालवली. गोल डोळ्यांची, स्टेअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली, जुन्या जमान्यातली छोटी गाडी. गाव तिला डबी म्हणायचं. साहेब लेकीकडं राहायला गेले तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, ही तुझ्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. त्या दिवसापासून पुढची डावी बाजू तुझी. तुझी वहिनी माघं. चाळीस मैल असो का चार, ती माघं बसली अन् कधी तक्रार केली नाही.

आधी आधी अंधारातही आपलं भागायचं. समोरून ट्रक आला की त्याच्या उजेडात तू पटकन दोन गोष्टी सांगून घ्यायचास. मग सहा-सात वर्षांखाली तुझे डोळे उतरायला लागले. तू म्हणालास, गाडीत दिवा पाहिजे. मी म्हणलो, आहे की. छताच्या कडेला साहेबांच्या वेळचा बारका दिवा होता, तो लावला. बोरी गावाच्या अलीकडं काचेत रस्ता दिसायचा सोडून माझंच थोबाड दिसायला लागलं. आतला दिवा लावला की पुढची काच आरसा होते, हे कुठल्याही ड्रायव्हरला विचार. पुढं उसाची बैलगाडी होती, तिला ना दिवा ना काही. वाढे, उसाचे हिरवे शेंडे, काचेवर घासले तेव्हा ब्रेक लागला. गाडीवान खाली उतरला, आत वाकून बघितलं अन् म्हणला, "लगीन हाय का गाडीत? रोषणाई केलाव ते."

मी त्याच जागी तो बल्ब काढला अन् रानात भिरकावला. तू बघत होतास. तुला तो गाडीवान काय म्हणला हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू हसला असतास, अन् मला त्या वेळी कुणी हसलेलं नको होतं.

पण तू ऐकणारा होतास का? पंधरा दिवस खपलास. रिक्षावाले गणपतीत लावतात तसली बारक्या बल्बांची पट्टी आणलीस. पडद्याच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीतून वीतभर तुकडा कापलास, त्यात ती बसवलीस. तिचा पांढरा उजेड तुझ्या डोळ्याला टोचायचा, म्हणून मिठाईच्या पुड्यावरचा पिवळा जिलेटिन कागद तिच्यावर ताणलास. वरून जुन्या सीटच्या काळ्या रेक्झिनची झापड शिवलीस, बैलाच्या डोळ्याला लावतात तशी, म्हणजे उजेड वर काचेकडं जाणार नाही, खाली पडेल. ते सगळं डॅशबोर्डाच्या पोटाला, तुझ्या गुडघ्याच्या वर. मला गाडीच्या पुढं उभं केलंस अन् बटण दाबलंस. काच काळी. आत ना तू दिसायलास ना सीट. नुसते दोन हात, पिवळ्या उजेडात, मांडीवर ठेवलेले.

मी तुला काय म्हणलो? चालतंय. एवढंच. तळहात आडवा करून हलवला, चालतंय म्हणून. लिंबाजी, ती चीज शहरातल्या गाड्यांच्या दुकानात ठेवली असती तर लोकं रांग लावून उभी राहिली असती. हे मी आज लिहायलोय. तेव्हा माझा हात तेवढाच हलला.

ते एक वर्ष. मला एवढंच बोलून घेऊ दे, मग मी परत भांडतो. त्या वर्षात तू गाडीत जेवढं बोललास तेवढं त्याच्या आधी अन् नंतर बोलला नाहीस. दिवस बुडाला की तुझे हात त्या पिवळ्या खळ्यात उतरायचे. आईचं शेवटचं दुखणं तू मला तेव्हा सांगितलंस. मी साहेबांबरोबर बाहेरगावी होतो, तू तिच्या उशाशी होतास, अन् ती शेवटी तुझ्या कानाची पाळी धरून गेली, हे मला चाळीस वर्षांनी कळलं, झरीच्या रस्त्यावर, एका डोळ्यानं रस्ता अन् एका डोळ्यानं तुझे हात बघत. मी गाडी बाजूला घेतली होती. तुला म्हणलो, इंजिन तापलंय. तू बॉनेटवर हात ठेवून बघितलंस अन् परत येऊन बसलास.

माझं बोलणं म्हणजे तुझ्या गुडघ्यावर थापट्या. एक थापटी म्हणजे हो. दोन म्हणजे नाही, किंवा थांब. मला तेवढं बास वाटायचं. एकदा तू म्हणलास, दोन दिवे करू, एक माझ्याकडं अन् एक तुझ्याकडं. मी म्हणलो, मला कशाला? मी काय नवरदेव आहे का? तू परत दाखवलंस, तुझ्याकडं. मी म्हणलो, मला रस्ता पाठ आहे, गिअर पाठ आहे, मला माझे हात बघायची गरज नाही. तू सोडून दिलंस. तू कधी कधी फार लवकर सोडून द्यायचास.

अन् मग चुडावा गावचं लग्न.

तुझ्या वहिनीच्या भाचीचं, गोरज मुहूर्तावरचं. आपण तिघं डबीतून गेलो. मांडवात मान होता आपल्याला. जुनी गाडी, पुसून चकाचक, पोरं तिच्याबरोबर फोटो काढायला लागली होती. जेवणं झाली, निघायची वेळ आली, किल्ली फिरवली अन् गाडी गप्प. जुनी बॅटरी, पार उतरलेली. तुझा दिवा दोन-तीन तास तसाच चालू होता. शेवटी बँडवाले आले, ते लाल-सोनेरी कोट घालून, अन् त्यांनी डबी ढकलली. नवऱ्याकडचा एकजण म्हणला, "ड्रायव्हरसायब, थांबा, बँड वाजवून ढकलू की." सगळा मांडव हसला.

मी तुझ्याकडं वळलो. दुसऱ्यांच्या हेडलाइटच्या उजेडात, सगळ्यांच्या देखत, मी तुला म्हणलो, दिवा तू चालू ठेवलास. तू म्हणलास, मी बंद केला होता. मी म्हणलो, खोटं. ही खूण तुला आठवते, तोंडावरून आडवा हात फिरवायचा. मेंढरं राखायच्या दिवसांनंतर मी ती तुझ्यावर कधी वापरली नव्हती. दोन म्हातारे हातवारे करायलेत म्हणून लोकं आणखीच हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पकड घेतली अन् तुझ्या समोर तो दिवा उपटला. वायरीसकट. जिलेटिन फाटलं, झापड लोंबकळली. तू अडवलं नाहीस. तुकडे गोळा केलेस. मी हात चालवून बोलतच होतो, बॅटरी, अब्रू, चुडावा, सगळं. तेव्हा तू तेच केलंस जे तू नेहमी करायचास. डोळे मिटलेस.

ज्यांना ऐकू येतं त्यांना ह्याचा अर्थ कळायचा नाही. माणूस रागावून निघून गेला तर त्याच्या माघं वरडता येतं. तू डोळे मिटले की माझं बोलणं तिथंच तुटायचं. मी तुझ्यापुढं उभा, हात हवेत, अन् जगात त्या हातांना ओळखणारं कुणी नाही. आठ दिवस तू माझ्या समोर आलास की डोळे खाली. वहिनीनं मधे पडून मिटवलं तेव्हा कुठं बघितलंस.

दिव्याचं नाव तू परत काढलं नाहीस. मी पण नाही.

आता परभणी. तुझ्या मोतीबिंदूचं बघायला आपण दोघंच गेलो. डोळ्याच्या दवाखान्यात गर्दी होती, तपासून ऑपरेशनची तारीख मिळेस्तोवर दिवस कलला. झरी ओलांडली तेव्हा अंधार पडलेला. बोरीच्या अलीकडं तू माझ्या खांद्याला हात लावलास. म्हणजे बोलायचंय. मी तुझ्या गुडघ्यावर दोन थापट्या मारल्या. थांब. रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली, समोरून ट्रक. मला वाटलं बोरीला चहाला उतरू तेव्हा उजेडात बोलेल. बोरी आली. मी गाडी थांबवली नाही. उशीर झाला होता, कंटाळा आला होता, अन् खरं सांगायचं तर मला वाटलं हा परत दिव्याचंच काढणार.

पण तू थांबला नाहीस. अंधारात तू बोलायला लागलास. तुझ्या घड्याळाच्या साखळीचा आवाज मला यायला लागला, किणकिण, किणकिण, हात वर जायचा तेव्हा एक आवाज, खाली यायचा तेव्हा दुसरा. तुला माहीत होतं मला दिसत नाही. तरी बोरीपासून जिंतूरच्या नाक्यापर्यंत तू बोलत होतास. मधे थांबायचास, विचार केल्यासारखा, परत चालू. अन् मी, ज्याला दोन्ही कान धड आहेत, मी तुझं सगळं बोलणं ऐकलं अन् त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं का? नाही. भूक लागली होती. उद्या विचारू म्हणलो. उद्या तू कामावर गेलास. परवा सकाळी तू अंगणात पडलास.

लकवा. उजवी बाजू गेली. डावा हात तू उचलायचास पण त्यात शब्द नव्हता. हात वर यायचा, बोटं हलायची, लांडगा नाही, पाणी नाही, आई नाही, काहीच नाही. डॉक्टर अंकुशला म्हणले, वाचा गेलीय. अंकुश म्हणला, तेला वाचा नव्हतीच. मी त्या दोघांनाही बाहेर काढलं. दवाखान्यात डोक्यावर चार ट्यूबलाइट होत्या, सुई पडली तरी दिसावी एवढा उजेड, अन् मी तुझ्यासमोर बसून हातानं विचारत होतो, परवा गाडीत काय म्हणलास? परत सांग. काय म्हणलास? अकरा दिवस विचारलं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी माझ्याकडं बघून रडायची. बाराव्या दिवशी तू डोळे मिटलेस.

परत तेच. भांडण अर्ध्यात, माझे हात हवेत, अन् तुझे डोळे बंद. तुला लाज वाटली नाही का रे?

तुझी वहिनी म्हणते, त्या दिशी भावजी ऑपरेशनचंच बोलले असतील, भ्याले असतील. असतील. किंवा मेंढरांचं असेल. किंवा मला शिव्या दिल्या असतील, बोरी ते जिंतूर, मनसोक्त, मला दिसत नाही ह्याचा फायदा घेऊन. तसं असलं तर बरं होईल. पण मला कळायचं नाही, अन् जन्मभर नाही कळायचं, आता माझा जन्म उरलाय तरी किती. अन् तुझी भाषा येणारा मी एकटा उरलोय. ज्या भाषेत बोलायला दुसरं कुणी नाही ती भाषा घेऊन मी काय करू, लोणचं घालू?

तेराव्याच्या दिवशी पाहुणे गेल्यावर तुझी वहिनी फळीवरून स्टीलचा डबा काढून घेऊन आली. म्हणली, "भावजीनं गाडीचं म्हणून ठेवलं होतं. मला हात लावू देत न्हवते."

उघडला. तुझे दिवे. एक नाही, दोन. नवीन पट्ट्या, नवीन पिवळा जिलेटिन, दोन्हीला काळ्या रेक्झिनच्या झापडी, टाका असा बारीक की मेंढीच्या कानाला सुद्धा लागू नये. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यांनी शिवलेल्या. दोन्हीच्या वायरीला तू दोऱ्याच्या गाठी मारल्या होत्यास, आपण लहानपणी मेंढरांच्या गळ्यातल्या दोरीला मारायचो तशा. एक गाठ तुझी, दोन गाठी माझ्या. लिहिता येत नव्हतं म्हणून काय झालं, ज्याचं त्याला कळावं ही सोय तू करून ठेवली होतीस.

मग मी वायरीचं टोक बघितलं. मला वायरिंग येत नाही असं तू जन्मभर म्हणत आलास, पण एवढं मला कळतं. ते टोक बॅटरीसाठी नव्हतं. किल्लीच्या पट्टीत बसेल अशी चिमटी तू त्याला लावली होतीस. म्हणजे किल्ली काढली की दोन्ही दिवे बंद. कुणी कितीही विसरू दे, बॅटरी उतरायची नाही.

कुणी कितीही विसरू दे.

तुला माहीत होतं, लिंबाजी. चुडाव्याला दिवा कुणी चालू ठेवला हे तुला पक्कं माहीत होतं. अन् हे इथं लिहायला मला चार दिवस लागले. अक्षता पडायच्या आधी माझा चष्मा सीटखाली पडला होता. मी एकटा गाडीत आलो, तुझा दिवा लावला, चष्मा शोधला, दार लावलं अन् गेलो. बँडवाले गाडी ढकलायला लागले तेव्हाच मला आठवलं होतं. तिथंच. तरी मी वळलो अन् तुला म्हणलो, खोटं. अन् दुसऱ्या दिवशी पकड घेतली ती पण आठवत असतानाच. अन् तू त्याच्यावर भांडण न करता घरात बसून चिमट्या दाबत बसलास. भांडायला काय झालं होतं तुला? माझ्या नरड्याला धरायचं होतंस. असला चांगुलपणा करून माणूस मरतो का कुठं? माघं राहिलेल्यानं त्याचं काय करायचं?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबीचं दार उघडलं अन् स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डॅशबोर्डाखाली शिरलो. एक गाठ डावीकडं, दोन गाठी उजवीकडं. वायर बरोबर पुरली, बोटभर इकडं नाही का तिकडं नाही. तू मापून कापली होतीस, मी घरात नसताना. कंबर धरली, उलटा पडून राहिलो, अंकुश येऊन म्हणला, "दादा, वायरमन बोलवू का?" मी म्हणलो, वायरमन मेलाय, तू आपलं काम कर. ऊन वर आलं होतं, उन्हात दिवा कसा दिसणार? म्हणून गोठ्यातली ताडपत्री आणली अन् अख्ख्या गाडीवर घातली. आत अंधार झाला. माझ्या जागेवर बसलो अन् इंजिन न लावता नुसती किल्ली फिरवली.

एक उजेड तुझ्या रिकाम्या सीटवर पडला. दुसरा माझ्या डाव्या हातावर अन् हनुवटीवर.

तेव्हा कळलं. ते एक वर्ष मी म्हणत होतो ना, आपण लय बोललो म्हणून. आपण नाही बोललो. तू बोललास. तुझे हात मला दिसायचे, अन् तुझ्या शेजारी एक काळा गोळा बसलेला असायचा, अधूनमधून गुडघ्यावर थापट्या मारणारा. मला वाटायचं तुला बोलायला दिवा पाहिजे. तुला ऐकायला पाहिजे होता. तू सांगितलंस, तुझ्याकडं, तुझ्याकडं, अन् मी म्हणलो मी काय नवरदेव आहे का.

मी हात वर केला. पिवळ्या उजेडात माझा हात मला अनोळखी वाटला, बापाच्या हातासारखा. तुझ्या सीटकडं तोंड करून मी सांगितलं. चुडावा. दिवा. मी. त्यानंतर तोंडावरून आडवा हात फिरवला अन् बोट स्वतःकडं केलं. खोटा मी. त्यानंतर जे सांगितलं ते वहीत लिहायचं नाही, ते आपलं दोघांचं आहे, अन् त्यात शिव्या पण होत्या. शेवटी विचारलं, आता सांग, त्या दिवशी काय म्हणलास.

ताडपत्री उचलली गेली. तुझी वहिनी चहा घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, सीटवरच्या उजेडाकडं बघितलं अन् म्हणली, "कुणाला शिव्या देयलाव?"

मी म्हणलो, "आत ये. ताडपत्री सोड."

ती माघचं दार उघडायला लागली. मी म्हणलो, "माघं न्हाई. हितं."

ती तुझ्या जागेवर बसली. पदर सावरला, कप डॅशबोर्डावर ठेवला, अन् तिचे बांगड्यांचे हात आपोआप त्या खळ्यात आले. मग तिनं हात उचलला अन् खूण केली, चहा घ्या. तुला आठवते तिची चहाची खूण, अख्खी मूठ तोंडाला लावायची, तांब्यानं पाणी प्यायल्यासारखी. चाळीस वर्षं तू तिला दाखवत होतास, दोन बोटं ओठाला अन् मनगट वाकडं, अन् चाळीस वर्षं ती मूठच लावत होती, अन् तू दर वेळी पोट धरून हसायचास.

माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षात एक खूण धड येऊ नये? मी तिचा हात धरला, उजेडाच्या मधोमध आणला, तिची मूठ उघडली अन् दोन बोटं सरळ केली.

"असं न्हाई," मी म्हणलो. "हे बघ. असं."